सूर-सवाल: बाखचा पगार, हँडेलचं हल्लेलुया आणि मिरजेचा गांधार

मागच्या अंकात मी चर्चसाठी लिहिलेल्या पाश्चात्य कोरस संगीतावर दोन पानं खरडली होती, बाख, हँडेल, मोझार्ट वगैरे मंडळी. मला वाटलेलं सांगली-साताऱ्याकडून यावर कोण काय विचारणार, पण पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट मिळून बरंच काही आलंय. एका काकांनी ‘हे काय नवीन काढलंस’ एवढंच लिहून पाठवलंय, त्यांना उत्तर नाही. बाकीच्यातले काही घेतलेत. नावं कुणाचीच टाकत नाही, गाव तेवढं लिहितो.

प्रश्न (मिरज): आमच्या घरात तंबोरे-सतारीचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्यामुळं कान बरा आहे असं समजतो. तुम्ही लिहिलंत म्हणून पॅलेस्ट्रिना लावला. पण राव, धरायचं काय? मुख्य चाल कुठली, गातंय कोण आणि साथ कोण करतंय, काय कळेना. पाच मिनिटांत बंद केलं.

उत्तर: तुम्ही मुख्य गायक शोधत बसलात आणि त्या गाण्यात मुख्य गायक असा कुणी नाहीच, तिथं घोळ झाला. आपल्याकडं भजन असो नाहीतर ख्याल, चाल एक असते आणि बाकीचे तिच्या मागं. पॅलेस्ट्रिना सोळाव्या शतकातला, रोमचा, त्याच्या गाण्यात चार, पाच, सहा आवाज आणि प्रत्येकाला आपापली अख्खी चाल. वर सोप्रानो, मग आल्टो, मग टेनर, तळाला बास. एकानं ओळ उचलली की थोड्या अंतरानं दुसरा तीच ओळ वेगळ्या सुरावरनं उचलतो, तोवर पहिला पुढं सटकलेला असतो. एकत्र कुटुंबात स्वयंपाकघरात चार जावा एकदमच बोलत असतात, विषय एकच, कुणी कुणाला थांबवत नाही आणि तरी प्रत्येकीला दुसरीचं सगळं ऐकू गेलेलं असतं, तसला प्रकार.

तेव्हा सगळं एकदम ऐकायला जाऊ नका. पहिल्यांदा फक्त खालचा बास धरा, तो कुठं थांबतो, कुठं उडी मारतो तेवढंच. दुसऱ्यांदा वरचा. तिसऱ्यांदा मधला कुठलातरी, हा सगळ्यात अवघड कारण तो लपलेला असतो. मग सोडून द्या आणि नुसतं बसा. आणि सुरुवात पॅलेस्ट्रिनापासून नका करू, मोझार्टचं ‘आवे वेरुम कॉर्पुस’ लावा. १७९१ च्या जूनमधलं, फक्त ४६ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एकेक छोटा खण), तीन-साडेतीन मिनिटांत आटपतं. त्याची बायको बाडेन गावात उपचारासाठी राहिलेली, तिथल्या चर्चच्या कॉयरचा, म्हणजे गाणाऱ्या मंडळाचा, मास्तर ओळखीचा, त्याच्यासाठी लिहून दिलं, म्हणजे गावातल्या साध्या कॉयरला झेपेल असं. त्यात चारही आवाज बहुतेक वेळ सोबत चालतात त्यामुळं हरवायला होत नाही. ते पचलं की पॅलेस्ट्रिनाचं ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’. आणि फारच खुमखुमी आली तर टॉमस टॅलिसचं ‘स्पेम इन आलियुम’, साधारण १५७० च्या आसपासचं, त्यात चाळीस वेगवेगळे आवाज आहेत, पाच-पाच जणांचे आठ कॉयर. तिथं एकेक आवाज धरायची युक्ती अजिबात चालत नाही, तिथं सरळ शरण जायचं.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. चांगला लागलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतनं न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. रोमच्या सिस्टाईन चॅपेलमध्ये वाद्यं नसायची, नुसते गळे. असा बिनवाद्याचा कॉयर जेव्हा सुरात येतो तेव्हा त्याचा गांधार बरोबर त्याच ठिकाणी जाऊन बसायला बघतो, पेटीच्या किंवा पियानोच्या गांधारापेक्षा किंचित खाली. पाश्चात्य लोक बेसूर गातात असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक पियानोच ऐकलेला असतो. तुमच्या कानानं तो गांधार पकडला ना, की तुम्ही पाच मिनिटांत बंद करणार नाही, पैज लावा.

प्रश्न (सातारा): आम्ही भजनी मंडळातल्या बायका. नातीनं मोबाईलवर ते लॅटिन गाणं ऐकवलं, गोड वाटलं पण शब्द कळत नाहीत आणि देवही त्यांचा. आपण ऐकायचं का? आणि न कळता ऐकून उपयोग काय?

उत्तर: ताई, ऐकायचं का हा प्रश्न साताऱ्यातनं यावा याची मला गंमत वाटली. रेव्हरंड ना. वा. टिळक शेवटच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनचं काम सोडून तुमच्या साताऱ्यालाच येऊन राहिले होते, ‘देवाचा दरबार’ ही त्यांची भक्तमंडळी तिथलीच. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, आणि तुकारामाचं बोट धरून मी ख्रिस्ताकडं गेलो असं ते सांगायचे. आणि जरा खाली मिरजेला या, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि दर उरुसाला तिथं मैफल होते, तिथं गाणारे काय गातात आणि ऐकायला कोण कोण बसलेलं असतं ते बघा एकदा. आपल्या भागात हा प्रश्न फार आधीच निकालात निघालाय.

राहिले शब्द. ‘मास’ म्हणून चर्चच्या उपासनेत गायचा जो प्रकार आहे ना, त्याचे शब्द ठरलेले असतात, पाच भाग. पहिला कीरिये, म्हणजे प्रभू दया कर, हा एवढा ग्रीक, बाकी सगळं लॅटिन. मग ग्लोरिया, देवाची स्तुती. मग क्रेडो, माझी श्रद्धा कशाकशावर आहे ते. मग सांक्तुस, पवित्र पवित्र पवित्र. शेवटी आन्युस देई, देवाच्या कोकरा, आम्हाला शांती दे. झालं, एवढं लक्षात ठेवलं की पॅलेस्ट्रिनाचे शंभरावर मास, हायडनचे, मोझार्टचे, शूबर्टचे, बेथोव्हेनचे, सगळ्यांचे शब्द तुम्हाला येतात! तुम्हीसुद्धा एकच अभंग दहा चालीत ऐकलाय, आणि मग शब्दांकडं कमी आणि याने तो कसा मांडलाय याच्याकडं लक्ष जास्त जातं, तेच इथं करायचं.

आणि चाल पवित्र असते का, यावर एक सांगून ठेवतो. बाखच्या मॅथ्यू पॅशनमध्ये (पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखाची आणि मरणाची गायलेली कथा) ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटावरचं एक भजन पाच वेळा येतं, ऐकताना पोटात कालवतं. ती चाल मुळात हान्स लेओ हास्लर नावाच्या माणसानं १६०१ मध्ये छापलेल्या एका प्रेमगीताची, कुणा पोरीपायी माझं चित्त थाऱ्यावर नाही अशा अर्थाच्या. तुमच्या मंडळात नाट्यपदाच्या चालीवर अभंग म्हणत असाल तर ज्या ज्येष्ठ बाई त्यावर नाक मुरडतात त्यांना हे सांगा.

प्रश्न (सांगली): मी हायस्कूलला संगीत शिक्षक. स्नेहसंमेलन, १५ ऑगस्ट, पाहुणे आले की स्वागतगीत, त्यात वर्गातली निम्मी पोरं बेसूर, पगाराचं तर बोलूच नका. तुम्ही लिहिलंत की बाख पण शाळेत नोकरीला होता. त्याला कसं जमायचं हो?

उत्तर: सर, तुमच्या या प्रश्नासाठी अख्खा अंक दिला असता मी.

बाख १७२३ मध्ये लाइपझिगच्या सेंट टॉमस शाळेत कँटर म्हणजे चर्चचा आणि शाळेचा संगीत मास्तर म्हणून लागला आणि १७५० मध्ये मरेपर्यंत तिथंच होता. आधी हे ऐका की तो पहिल्या पसंतीचा नव्हता. नगरपालिकेला टेलेमान हा संगीतकार पाहिजे होता, त्यानं या ऑफरचा वापर करून हॅम्बुर्गमध्ये आपला पगार वाढवून घेतला आणि आला नाही. मग ग्राउप्नर हा दुसरा संगीतकार, त्याला त्याच्या मालकानं सोडलं नाही. मग बाख. नोकरीत काय काय, तर पोरांना गाणं शिकवायचं, लॅटिनसुद्धा शिकवायचं (ते त्यानं स्वतःच्या खिशातनं पैसे देऊन दुसऱ्यावर ढकललं), गावातल्या चर्चना गाणारी पोरं पुरवायची, लग्नं, अंत्ययात्रा, आणि मुख्य म्हणजे रविवारच्या उपासनेला कँटाटा, वीसेक मिनिटांचं काम, कोरस, सोलो, ऑर्केस्ट्रा सगळं धरून. पहिली दोनेक वर्षं तर तो जवळजवळ दर आठवड्याला नवीन लिहीत होता. नुसतं लिहून भागत नाही, प्रत्येक गायकाच्या आणि वादकाच्या वेगळ्या प्रती हातानं उतरवायच्या, त्यात बायको आना माग्दालेना, मुलं, शिष्य सगळे जुंपलेले, मग तालीम, मग रविवार, आणि सोमवारी परत पहिल्यापासून. असे दोनशेच्या आसपास कँटाटा आज शिल्लक आहेत आणि बरेच हरवले. वर गुड फ्रायडेसाठी पॅशन, १७२४ ला योहानचं, १७२७ ला मॅथ्यूचं, हे दुसरं दोन कॉयर, दोन ऑर्केस्ट्रा आणि पावणेतीन-तीन तासांचं.

आता बेसूर पोरांचं. १७३० च्या ऑगस्टमध्ये बाखनं नगरपालिकेला एक लेखी निवेदन दिलं, चर्चमध्ये संगीत नीट व्हायचं असेल तर किती माणसं लागतात म्हणून. त्यात शेवटी त्यानं पोरांची यादीच लावलीय, १७ कामाची, २० अजून कामाची नाहीत, १७ अजिबात कामाची नाहीत. म्हणजे ५४ पोरांत १७! मॅथ्यू पॅशन ज्यानं लिहिलं त्याच्या वर्गाचा हा निकाल आहे सर, तुम्ही उगाच स्वतःला दोष देताय.

आणि पगार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यानं एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहून दुसरीकडं कुठं नोकरी बघ म्हणून सांगितलंय. त्यात एक तक्रार अशी की माझी वरकड कमाई अंत्यविधीच्या गाण्यांवर अवलंबून आहे, आणि हवा चांगली असली की लोक मरत नाहीत, गेल्या वर्षी त्यापायी शंभरावर थालरचा (थालर म्हणजे तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) फटका बसला. मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आवरेना, पण नंतर वाटलं की मागच्या पानावर ज्याला आपण संतपदाला नेऊन बसवतो तो माणूस महिन्याचा हिशेब जुळवत बसलेला आहे आणि तरी हस्तलिखिताच्या शेवटी ‘सोली देओ ग्लोरिया’, गौरव फक्त देवाचा, असं लिहितोय. दोन्ही एकाच हाताचं, एकाच शाईतलं. या संगीताबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते इथंच आहे खरं तर, हे आभाळातनं पडलेलं नाही, कुणीतरी सांगितलेलं, कुठल्यातरी तारखेला द्यायचं असलेलं, हाताशी असलेल्या गळ्यांसाठी बेतलेलं काम आहे, आणि ते तसं बघितलं की उलट जास्त जवळचं वाटतं. त्याच्या मरणानंतर मॅथ्यू पॅशन कित्येक दशकं बाहेरच्या जगानं ऐकलं नव्हतं, ११ मार्च १८२९ ला बर्लिनमध्ये मेंडेल्सोन या संगीतकारानं ते काटछाट करून परत उभं केलं, तेव्हा मेंडेल्सोन होता वीस वर्षांचा. त्याच्या आजीनं त्याला त्या पॅशनची उतरवून घेतलेली प्रत भेट दिली होती. आज्या काय काय देतात बघा.

प्रश्न (कराड): मोझार्टला सालिएरीनं विष घातलं आणि एक काळे कपडेवाला येऊन त्याच्याकडनं त्याचंच रिक्विएम लिहून घेऊन गेला, हे खरं काय? इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर यावरून पैज लागलीय.

उत्तर: पैजेचे पैसे ज्यानं ‘खोटं’ म्हटलं त्याला द्या, पण सगळे देऊ नका. निरोप्या खरंच आला होता, नाव न सांगता. त्याला पाठवणारा काउंट वाल्सेग, त्याची तरुण बायको १७९१ च्या फेब्रुवारीत वारली होती, तिच्यासाठी त्याला रिक्विएम म्हणजे मृतांसाठीचा मास पाहिजे होता, आणि नाव लपवायचं कारण भुताखेताचं नव्हतं, ते स्वतःच्या नावावर खपवायचं होतं! तो तसं नेहमी करायचा म्हणे, दुसऱ्यांकडनं लिहून घ्यायचा आणि स्वतः लिहिलं म्हणून वाजवायचा. १७९३ च्या डिसेंबरमध्ये त्यानं हे स्वतः कंडक्ट केलंसुद्धा.

मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ ला गेला, पस्तीस वर्षांचा, आणि काम अर्धवट. ‘लाक्रिमोसा’ जो भाग रील्सवर वाजतो ना सारखा, त्याचे पहिले आठ बार त्याच्या हातचे आहेत, तिथंच हात थांबलाय. अर्धे पैसे आधीच घेतलेले, उरलेले मिळायला हवेत म्हणून बायको कोन्स्टान्झनं त्याचा शिष्य ज्युसमायर याच्याकडनं पूर्ण करून घेतलं. आज आपण बहुतेक वेळा ऐकतो ते हेच. ज्युसमायरला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही, त्या पोरानं ते हातात घेतलं नसतं तर आज काय राहिलं असतं.

सालिएरी बिचारा उगाच बदनाम झाला. तो व्हिएन्नाच्या दरबारात मोठ्या पदावर, त्याला मोझार्टला मारायची गरज नव्हती, आणि नंतर मोझार्टच्या धाकट्या पोराला त्यानं शिकवलंय. बेथोव्हेन, शूबर्ट, लिस्ट, हे पण त्याचे विद्यार्थी. विषाची अफवा तो जिवंत असतानाच उठली, पुश्किननं १८३० मध्ये त्यावर नाटुकलं लिहिलं आणि १९८४ च्या ‘अमाडेउस’ सिनेमानं ती जगभर पोचवली. ऐकायला सिनेमा भारी आहे, इतिहास म्हणून बघू नका.

प्रश्न (महाबळेश्वर): एका शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात पोरांनी ‘हल्लेलुया’ म्हटलं तर सगळे पालक उभे राहिले, मी एकटाच बसून. बायकोनं चिमटा काढला. राष्ट्रगीत थोडंच आहे ते?

उत्तर: राष्ट्रगीत नाही पण रूढी पक्की आहे. सांगतात असं की लंडनमध्ये हँडेलचं ‘मसाया’, म्हणजे हे हल्लेलुया ज्यातलं आहे ते मोठं काम, चाललं असताना दुसरा जॉर्ज राजा हल्लेलुया सुरू होताच उठून उभा राहिला, आणि राजा उभा म्हटल्यावर बाकीचे बसतील कशाला. गोष्ट छान आहे, पण राजा त्या कार्यक्रमाला आला होता असं सांगणारा त्या वेळचा कागद नाही, ही हकीकत लिहिलेली सापडते ती पुष्कळ वर्षांनी. त्यामुळं बसलात तर पाप नाही, उभं राहिलात तर गुडघे मोकळे होतात आणि घरात शांतता राहते, बघा काय परवडतं.

पण चिमट्यापेक्षा मोठी गोष्ट ‘मसाया’च्या जन्माची आहे. १७४१ मध्ये हँडेल लंडनमध्ये अडचणीत होता, इटालियन ऑपेरा चालेनासे झालेले. चार्ल्स जेनेन्सनं बायबलमधली वचनं निवडून लावून दिली आणि हँडेलनं २२ ऑगस्टला सुरुवात करून १४ सप्टेंबरला काम संपवलं, २४ दिवस, अडीच तासांचं संगीत. पहिला प्रयोग डब्लिनला, १३ एप्रिल १७४२, भर दुपारी. उत्पन्न तीन वाट्यांत, कर्ज फेडता येत नाही म्हणून तुरुंगात खितपत पडलेल्यांना सोडवायला, आणि दोन दवाखान्यांना. गर्दी होणार म्हणून वर्तमानपत्रातनं विनंती केलेली की बायकांनी घेरदार झग्याखालचे सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात. सहाशेच्या हॉलमध्ये सातशे माणसं बसली आणि त्या पैशातनं १४२ कर्जदार सुटले. आपल्याकडं सावकारी काय असते ते या भागात वेगळं सांगायला नको, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यातनं जात नाही.

लंडनला मात्र १७४३ मध्ये कुरबुर झाली, देवाचे शब्द नाटकाच्या थिएटरात आणि नटनट्यांच्या तोंडी कसे म्हणून. १७५० पासून ते टाकलेल्या मुलांसाठीच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या मदतीला दर वर्षी व्हायला लागलं तेव्हा लोकांचं मन पालटलं. हँडेलची नजर तोवर जात चाललेली, पुढं पूर्णच गेली. ६ एप्रिल १७५९ ला तो शेवटचं ‘मसाया’ ऐकायला हजर होता आणि आठ दिवसांनी वारला.

आणि हो, हल्लेलुया हा शेवट नाही. तो दुसऱ्या भागाचा शेवट आहे, त्यानंतर तिसरा भाग पूर्ण शिल्लक असतो. नाताळाशी त्याचा संबंध पण नंतरचा, हँडेलच्या हयातीत हे ईस्टरच्या आसपासच व्हायचं.

प्रश्न (विटा): चॅम्पियन्स लीगच्या मॅचआधी जे वाजतं ते पण चर्चचंच आहे असं मित्र म्हणतोय. फेकतोय का?

उत्तर: फार नाही फेकत. ते १९९२ मध्ये टोनी ब्रिटननं केलं, पण हँडेलच्या ‘झेडॉक द प्रीस्ट’वर बेतून. मूळ काम १७२७ चं, वरच्या उत्तरातल्याच दुसऱ्या जॉर्जच्या राज्याभिषेकासाठीचं, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात गातात. मूळ ऐक, आधी व्हायोलिनं दीड-एक मिनिट नुसतीच चढत राहतात आणि मग कोरस असा आदळतो की गोल झाल्यासारखं होतं.

प्रश्न (सांगली): आमच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर मराठी गीतं होतात. तरुण मुलामुलींना घेऊन चार आवाजांचं काहीतरी बसवायचंय. बाया पंधरा, पुरुष तीन, त्यातला एक कधी येतो कधी नाही. हल्लेलुया घेऊ का?

उत्तर: नका घेऊ हो! तीन पुरुषांत हल्लेलुया म्हणजे टेनर-बासचा जीव जाईल, वरचे सूर ओढताना पोरींचे गळे बसतील आणि परत कुणी तालमीला यायचं नाही. बाखच्या कोरल घ्या. साधी भजनं, चार आवाजांत मांडलेली, बहुतेक एका पानात बसणारी, जुन्या संग्रहात ३७१ आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबा असतो त्यामुळं चुकलेले सगळे तिथं परत भेटतात. सुरुवातीला सोप्रानो आणि बास दोघांचंच जमवा, ते घट्ट झालं की मधले दोन आवाज आपोआप उभे राहतात, उलट्या क्रमानं गेलात तर आल्टोवाल्या हमखास सोप्रानोच्या चालीवर घसरतात. प्रत्येक आवाजाची ओळ सारेगममध्ये गाऊन रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. पेटीवर फक्त सुरुवातीचा सूर द्या आणि बंद करा, शेवटी परत वाजवून बघा किती खाली आलात. अर्धा सूर खाली येणं हे सगळ्या कॉयरचं दुखणं आहे, घाबरू नका, पण दर वेळी बघा.

भाषेची भीती नको. लूथरच्या लोकांनी १५२४ पासून भजनांची पुस्तकं जर्मनमध्ये छापली ती साध्या माणसाला कळावीत आणि स्वतः गाता यावीत म्हणूनच, तेव्हा त्याच चालीवर मराठी शब्द बसवलेत तर ते त्या रीतीलाच धरून होईल. फक्त मराठीतला ऱ्हस्व-दीर्घ आणि त्यांचा जोर एकमेकांच्या आड येतो तिथं शब्द बदला, सूर नका बदलू.

पुरुष येतच नसतील तर बायांचंच करा. पेर्गोलेसीचं ‘स्ताबात माटेर’, १७३६ चं, दोनच आवाज लागतात, सोप्रानो आणि आल्टो. ते लिहून तो सव्वीसाव्या वर्षी गेला. फोरेचा ‘मेस बास’ म्हणून छोटा मास आहे, फक्त बायकांच्या आवाजासाठी. आणि व्हेनिसला विवाल्डी ज्या अनाथ मुलींच्या संस्थेत शिकवायचा तिथल्या कॉयरमध्ये खालचे आवाजसुद्धा बायकाच गायच्या. त्या कशा गात असतील यावर अभ्यासक अजून भांडतात, पण गात होत्या. कागद विकत घ्यायचे नाहीत, हे सगळे कधीच स्वर्गवासी झाले, नोटेशन सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या साइटवर फुकट मिळतं.

प्रश्न (वाई): मार्चमध्ये वडील गेले. एक मैत्रीण म्हणाली रिक्विएम ऐक, बरं वाटेल. मी व्हर्दीचं लावलं आणि घाबरून बंद केलं. असं का म्हणाली ती?

उत्तर: ताई, तिनं नाव सांगायला हवं होतं, कारण सगळी रिक्विएम एकसारखी नसतात. व्हर्दीचं म्हणजे शेवटच्या न्यायाच्या दिवसाचा थरकाप, मोठा ड्रम अंगावर येतो. मान्झोनी या लेखकाच्या पहिल्या पुण्यतिथीला, २२ मे १८७४ ला मिलानच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा झालं, आणि व्हर्दी स्वतः काही फार देवभोळा नव्हता, त्यानं माणसाचं भय लिहिलं. ते आत्ता नको. वर्ष-दोन वर्षांनी ऐका.

आत्ता ब्राम्स. त्यानं ठरलेले लॅटिन शब्द घेतलेच नाहीत. जर्मन बायबलमधनं स्वतः वेचून उतारे काढले, आणि लॅटिन रिक्विएम जसं मेलेल्यासाठी प्रार्थना करतं तसं न करता ते मागं राहिलेल्यांशी बोलायला सुरुवात करतं, जे शोक करतायत ते धन्य, त्यांचं सांत्वन होईल, इथनंच. त्याची आई १८६५ च्या फेब्रुवारीत गेली होती. १० एप्रिल १८६८ ला गुड फ्रायडेला ब्रेमेनच्या कॅथेड्रलमध्ये झालं तेव्हा सहा भाग होते, त्यानंतर त्यानं एक घातला, आता तो पाचवा. एकटी सोप्रानो आणि मागं हलका कोरस, आई जशी समजूत काढते तशी मी तुमची काढेन, असे शब्द. पूर्ण काम तासाच्या वर जातं, सगळं नका ऐकू, पहिला आणि पाचवा भाग ऐका.

नाहीतर फोरे, १८८८, पॅरिसच्या मादलेन चर्चमधलं. त्यात त्यानं न्यायाच्या दिवसाचा तो अख्खा भयंकर भाग गाळलाच. पस्तीसेक मिनिटं. रडू आलं तर येऊ द्या, आणि नाही बरं वाटलं तर बंद करा, मैत्रिणीला वाईट वाटायचं नाही.

प्रश्न (तासगाव): हे सगळं मोबाईलच्या स्पीकरवरच ऐकायचं का? प्रत्यक्ष कुठं मिळेल?

उत्तर: मोबाईलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही, म्हणजे मिरजेच्या काकांना सांगितलेली युक्ती तिथंच फसते. साधे वायरचे हेडफोन घ्या, पुरे. प्रत्यक्ष म्हणाल तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्राकडं लक्ष ठेवा, तिथं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, कोरसची मोठी कामं अधूनमधून होतात. घरबसल्या म्हणाल तर २४ डिसेंबर. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली नाताळची उपासना १९१८ पासून होतेय आणि १९२८ पासून रेडिओवर येते, सुरुवातीला एकच पोरगा बिनसाथीचं पहिलं कडवं म्हणतो. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, तेवढी जेवणं त्या दिवशी लवकर उरका.